गोपगिरीवरच्या पन्नास माळा

ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी पूर्वेकडील चढणीने निघाला म्हणजे त्याची दृष्टी वर मानमंदिराच्या निळ्या नक्षीकडे लागलेली असते. वाटेत गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या दरम्यान एकाच खडकातून कोरलेले एक लहानसे विष्णुमंदिर लागते; त्याकडे पुष्कळांचे लक्षही जात नाही. या मंदिरास चतुर्भुज मंदिर म्हणतात. मात्र गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक दूरदूरच्या देशांहून येथे मुद्दाम येतात आणि भिंतीवरील काही ओळींपुढे उभे राहतात. त्या ओळींत शून्य आहे. २७० आणि ५० या दोन संख्यांत ते आजच्यासारखेच वाटोळे कोरलेले आहे; फक्त शेजारच्या अंकांहून जरा लहान आहे.

कंबोडियातील शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३ च्या एका शिलालेखात शून्याची खूण सापडल्यामुळे ग्वाल्हेरच्या शून्याला जगातील पहिल्या शून्याचा मान आता देता येत नाही. तथापि भारतात दगडावर कोरलेल्या आणि निश्चित काळ सांगता येणाऱ्या जुन्या शून्यांत त्याचे स्थान मोठे आहे. या शून्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या गोष्टी मोजण्यासाठी ते कोरले गेले, त्यांची चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाही. २७० ही एका फुलबागेची लांबी आहे, आणि ५० ही दररोज देवाला वाहावयाच्या फुलांच्या माळांची संख्या आहे.

हा काळ कनोजच्या प्रतिहार सम्राटांचा. भोजदेव, म्हणजे मिहिर भोज, गादीवर होता आणि गोपगिरीवर, म्हणजेच आजच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, अल्ल नावाचा त्याचा कोट्टपाल होता. या अल्लाने विक्रम संवत ९३२ मध्ये हे मंदिर कोरविले व त्याला आपल्या वडिलांचे, वैल्लभट्टाचे, नाव दिले. पुढच्याच वर्षी, संवत ९३३ मध्ये, सुमारे इ. स. ८७६ साली, मंदिराच्या खर्चाची व्यवस्था लावणारा दुसरा लेख कोरला गेला. हुल्ट्श या जर्मन पंडिताने तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापून विद्वानांपुढे ठेवला.

लेखातील मजकूर हिशेबी आहे. माघ शुद्ध द्वितीयेस सर्व नगराने मिळून अल्लाने बांधविलेल्या नवदुर्गांच्या देवळास फुलबागेसाठी जमीन दिली. तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. तेल्यांनी दिव्यांसाठी तेल द्यावयाचे ठरले. माळ्यांनी ऋतुमानाप्रमाणे बाजारात मिळतील अशा फुलांच्या ५० माळा रोज द्यावयाच्या ठरल्या. या बोलीला तेली आणि माळी यांचे प्रमुख बांधलेले होते, म्हणून त्यांची नावे दगडावर नोंदली गेली. सम्राटाच्या आणि किल्लेदाराच्या नावाबरोबर माळ्यांची नावेही साडेअकराशे वर्षे टिकून राहावीत, ही त्या काळच्या लेखांत थोडी नवलाचीच गोष्ट होय.

हात दीड फुटाचा धरला तर ही बाग अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. रोजच्या पन्नास माळा म्हणजे वर्षाला अठरा हजारांवर माळा. एका माळेत शंभरच फुले धरली तरी दररोज पाच हजार फुले खुडावी लागणार. आणि तीही ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पौष-माघातल्या रात्री हाडे गोठवितात. असे असता लेखात एकाही फुलाचे नाव नाही. तेव्हा ती कोणती फुले असतील?

प्रथम, कोणती फुले नसतील ते निश्चितपणे सांगता येते. आज भारतातल्या कोणत्याही देवळापुढे माळांची दुकाने पाहिली तर तेथे झेंडूचे राज्य असते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पांढऱ्या माळांत निशिगंध सर्वांत पुढे. त्याला गुलछबू म्हणणाऱ्या पिढीला त्या नावातला फारसी सुगंध ठाऊक होता, आणि रजनीगंधा म्हणणाऱ्यांना तो कालिदासाच्या काळापासून येथे असावा असे वाटते. परंतु निशिगंधही मेक्सिकोचाच. तेथील ॲझटेक लोक तो लावीत आणि त्याच्या शुभ्रतेवरून त्याला ‘हाडाचे फूल’ अशा अर्थाचे नाव देत. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा, म्हणून देवचाफाही म्हटला जाणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतून आला. त्याच्या शास्त्रीय नावात प्ल्यूमिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची आठवण राहिली आहे. घराघरांतला अनंत चीन-जपानकडचा. कुंपणावरची पांढरी बोगनवेल ब्राझीलची. रस्त्याच्या कडेला पहाटे सडा घालणारे बुचाचे झाड ब्रह्मदेशाकडचे.

अमेरिकेची वाट युरोपीय जहाजांना १४९२ मध्ये सापडली. त्यापूर्वी सहा शतके कोरलेल्या लेखातील माळेत झेंडू, निशिगंध किंवा पांढरा चाफा असणे शक्य नाही. आज ज्यांच्यावाचून पूजा अडते असे वाटते, त्यांपैकी पुष्कळ फुले अल्लाच्या माळ्यांनी पाहिलीही नव्हती. परंपरा म्हणून जे डोळ्यांपुढे उभे राहते त्याचे वय अनेकदा वाटते त्याहून पुष्कळ कमी असते. फुलांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

आता काय असेल ते पाहावयाचे. यासाठी पहिला साक्षीदार लेखाची तिथीच आहे. दान माघ महिन्यातले. माघात ग्वाल्हेरला मोगरा झोपलेला असतो, जुईला कळी नसते, पारिजातकाचा बहर केव्हाच संपलेला असतो. त्या थंडीत पांढऱ्या चांदण्यांनी भरून जाणारे झुडूप एकच, ते कुंदाचे. अमरकोशात कुंदाला ‘माघ्य’ असेच नाव दिलेले आहे. माघात फुलणारा तो माघ्य. आणि कोशाची साक्ष पुरेशी वाटत नसेल तर भिंतीवरचे मराठी पंचांग काढावे. माघ शुद्ध चतुर्थीस तेथे तिलकुंद चतुर्थी छापलेली असते. त्या दिवशी गणपतीला कुंदाची फुले वाहावयाची रीत आहे. शिलालेखातील दान या चतुर्थीच्या दोनच दिवस आधीचे. त्या दिवशी गोपगिरीच्या बाजारात माळ गुंफली जात असेल तर तीत कुंद होता असे म्हणावयास मोठी हरकत दिसत नाही.

कुंद एकदा हाती आला म्हणजे वर्षाचे बाकीचे महिनेही उलगडू लागतात. वसंत सरता सरता मोगरा, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील मल्लिका, उमलू लागतो व ज्येष्ठातल्या उन्हात भर येतो. त्याच्या आगेमागे नेवाळी. पहिल्या पावसाबरोबर जुई, म्हणजे यूथिका, पावसाळ्याच्या मध्यापासून जाई, म्हणजे जाती किंवा मालती, भाद्रपद-आश्विनात पारिजातक. तगर आणि पांढरी कण्हेर यांना बारमाही म्हटले तरी चालेल. किल्ल्यावरच्या आणि पायथ्याच्या तळ्यांत पांढरी कुमुदे. यांपैकी मोगरा, जाई, जुई, कुंद, नेवाळी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. पारिजातकही त्याच कुळात जातो. जणू एका घरातील मंडळींनी वर्षाचे महिने आपसांत वाटून घेतले आहेत.

हे ध्यानात घेतले म्हणजे लेखात फुलांची नावे का नाहीत याचाही उलगडा होतो. ज्याने मजकूर ठरविला त्याला बागेचे ज्ञान होते. ‘रोज पन्नास माळा कुंदाच्या’ असे लिहिले असते तर वैशाखात माळ्यांना करार मोडावा लागला असता. ‘ऋतुमानाप्रमाणे’ हा एक शब्द घालून त्याने संख्या पक्की ठेवली आणि फूल मोकळे सोडले. संख्येला ऋतू नसतो, फुलाला असतो. पुढील पिढ्यांना नावे कळली नाहीत, हे त्या व्यवहारज्ञानाचेच फळ आहे.

ही सारी फुले पांढरीच का, असे कोणी विचारील. माळेत तांबडी-पिवळी फुले नसतील असे नाही. कण्हेर तांबडीही असते आणि सोनचाफा पिवळा असतो. परंतु या देशातल्या सुगंधी फुलांत पांढऱ्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्याला कारण आहे. पाकळीत तांबडे, निळे, पिवळे रंगद्रव्य नसले आणि पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश परावर्तित झाला म्हणजे फूल पांढरे दिसते. दिवसा रंग पाहून येणाऱ्या फुलपाखरांना अशा फुलाचे विशेष आकर्षण नसते. परंतु दिवस मावळल्यावर सर्व रंग काळोखात बुडतात, तेव्हा पांढरी पाकळीच तेवढी दिसत राहते. सायंकाळी हिंडणारे पतंग तिच्याकडे येतात, आणि दुरून वाट दाखविण्याचे काम सुगंध करतो. मोगरा, जुई, पारिजातक संध्याकाळी उमलतात आणि रात्री दरवळतात ते यासाठी. त्यांच्या फुलाची नळी लांब व अरुंद असते. पतंगाची लांब सोंड तिच्या तळाशी पोचते.

माळ्याचे घड्याळ या पतंगांच्या घड्याळावर चालते. मोगऱ्याची फुगलेली कळी दुपारी खुडावी लागते, म्हणजे ती संध्याकाळी माळेत उमलते. उमललेले फूल खुडले तर देवापुढे जाईपर्यंत कोमेजते. पारिजातक खुडावा लागत नाही. पहाटे तो आपणच गळतो, आणि जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये या नियमाला त्याचा अपवाद मानला गेला आहे. प्रतिहारांच्या काळी माळ्याचा दिवस याहून फार वेगळा असण्याचे कारण नाही.

बागेतली फुले येतात कोठून? कोणे एकेकाळी ती रानातूनच आली. ग्वाल्हेरचे पूर्वीचे संस्थान उज्जैन आणि भिलशापर्यंत, म्हणजे प्राचीन विदिशेपर्यंत पसरलेले होते, आणि या प्रदेशातील पांढऱ्या फुलांची सर्वांत सुंदर जुनी नोंद ‘मेघदूता’त आहे. कालिदासाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानला जातो. त्याच्या यक्षाने रामगिरीवर, म्हणजे पुष्कळ विद्वानांच्या मते नागपूरजवळच्या रामटेकावर, मेघाला अर्घ्य दिले ते कुटजाच्या ताज्या फुलांनी. कुटज म्हणजे आपला कुडा. तो कोणी लावीत नाही; डोंगरउतारावर आपण होऊन वाढतो. मेघ उत्तरेकडे दशार्ण देशात, विदिशेच्या परिसरात, येतो तेव्हा बागांची कुंपणे उमलत्या केवड्याने पांढुरकी दिसू लागतात. आणि पुढे नदीकाठच्या उद्यानांतील जुईच्या कळ्यांवर त्याने नव्या पाण्याचे थेंब शिंपडावेत व फुले खुडणाऱ्या घामेजलेल्या स्त्रियांवर क्षणभर सावली धरावी, असे कवी सुचवितो.

या दोन-तीन श्लोकांत रान, कुंपण आणि बाग अशा तिन्ही जागा आल्या आहेत; त्याचबरोबर फुले खुडण्याच्या कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रियाही आल्या आहेत. ग्वाल्हेरच्या शिलालेखात माळ्यांच्या प्रमुखांची नावे आहेत. खुडणाऱ्या हातांची नाहीत. ती उणीव चार शतके आधीच कवीने अंशतः भरून काढली होती असे म्हणता येईल.

रानातला हा पांढरा बहर आजही पाहावयास मिळतो, मात्र त्यासाठी शहर सोडावे लागते. शिवपुरी-शेओपुरकडच्या कोरड्या रानांत माघ-फाल्गुनात सलईचे पर्णहीन झाड बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे धरते. त्याचा डिंक धूप म्हणून जळतो. त्याच सुमारास अंकोल पाने झाडून सुगंधी फुलांनी भरतो, आणि करवंदीच्या काटेरी जाळ्यांवर पांढऱ्या चांदण्या दिसू लागतात. चैत्रानंतर कुड्याचा बहर. त्याची साल आणि इंद्रजव हे बी आवेवर शतकानुशतके दिले जात आहे. विंध्याच्या खडकाळ उतारांवर पारिजातक रानटी उगवतो हे ऐकून मराठी वाचकाला आश्चर्य वाटेल. श्रीकृष्णाने ज्याला स्वर्गातून आणले, ज्याच्यावरून सत्यभामा आणि रुक्मिणी यांच्यात कलह झाला, तो वृक्ष येथे दगडांच्या फटींत मुळे रोवून उभा असतो. त्याच्या पानांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. ती इतकी खरखरीत असतात की सुतार त्यांनी लाकूड घासून गुळगुळीत करीत.

बाग आणि रान यांतील ही सीमा मुळात किती पातळ आहे, हे मोगलांच्या आगमनानंतरच्या नोंदींतही दिसते. बाबर १५२८ च्या सप्टेंबरात ग्वाल्हेरला आला. त्याने मानसिंहाचे वाडे पाहिले, उरवाही दरीतील प्रचंड जैन मूर्ती पाहिल्या आणि त्या विद्रूप करण्याचा हुकूम दिला. त्याच भेटीत किल्लेदार रहीमदादच्या बागेतील गर्द तांबड्या कण्हेरीवर तो इतका लुब्ध झाला की तिची रोपे त्याने आग्र्याच्या बागांत लावण्यासाठी नेली. इतरत्र कण्हेर पीचच्या फुलासारखी फिकी असते, ग्वाल्हेरचीच तेवढी अशी, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले. मूर्तींचे चेहरे फोडावयास सांगणारा आणि झाडाचे रोप जपून नेणारा माणूस एकच होता. इतिहासात अशा गोष्टी शेजारी शेजारी आढळतात.

हिंदुस्थानातील फुलांचे वर्णन करताना बाबराने कण्हेर तांबडी आणि पांढरी दोन्ही असते हे नोंदविले आहे. केवड्याचा वास आणि येथली पांढरी, आपल्या देशातल्यापेक्षा मोठी व अधिक सुगंधी जाई, यांचीही त्याने मनमोकळी स्तुती केली आहे. या देशातील बहुतेक गोष्टींना नावे ठेवणाऱ्या बाबराकडून आलेली ही स्तुती म्हणून अधिक मोलाची. आग्रा-बियान्याकडे बैलाकडून मोट ओढवून पाणी काढतात, हेही त्यानेच लिहिले. बागेतील प्रत्येक फुलामागे असा कोणीतरी मोट हाकणारा असतो.

बाबराच्या नातवाच्या, अकबराच्या, दरबारात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली आणि तीत सुवासिक फुलांची एक यादी दिली. प्रत्येकाचा रंग आणि फुलण्याचा हंगाम तीत नमूद आहे. चमेली, रायबेल, जुई, नेवाळी, सिंगारहार म्हणजे पारिजातक. पुष्कळ नावांपुढे रंग पांढरा किंवा पांढरट. संवत ९३३ च्या लेखाने जे मोकळे सोडले होते ते जणू सात शतकांनंतर एका दरबारी चिटणिसाने भरून दिले. मेक्सिकोच्या फुलांनी बागा व्यापण्यापूर्वी उत्तर हिंदुस्थानातील माळ कशी होती याची कल्पना देणारा हा मोलाचा दस्तऐवज होय. अबुल फजलचा अंत मात्र ग्वाल्हेरच्याच परिसरात झाला. १६०२ मध्ये दक्षिणेतून परत येत असता वीरसिंह बुंदेल्याच्या लोकांनी त्याला गाठून मारले. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस आंतरी येथे त्याची कबर आहे.

यानंतर दोन शतकांनी ग्वाल्हेरच्या फुलांच्या इतिहासात मराठी माणूस येतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तळ उठला नाही. त्याचेच शहर झाले आणि नाव लष्करच राहिले. चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी अशी मोहल्ल्यांची नावे आजही त्या तळाची आठवण देतात. या तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, वाड्यांना चौक आले, आणि चौकात तुळशीवृंदावनाशेजारी तगर, जाई, पारिजातक लागले. दक्षिणेतून शेकडो मैल आलेल्या कुटुंबांना ही झाडे नवीन नव्हती. सह्याद्रीच्या पायथ्याशी पूजेला लागणारी फुले येथे विंध्याच्या पलीकडेही होती.

सण पाळावयाचे तर बाग आणि रान दोहोंशी संबंध ठेवणे भागच होते. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींची यादी पाहावी. जाई, केवडा आणि कण्हेर या बागेतल्या, रुई, धोतरा आणि आघाडा या उकिरड्यावरच्या किंवा माळावरच्या, अगस्ति, म्हणजे पांढऱ्या फुलांचा हादगा, परसातला, डोरली रानातली. ज्याने ही यादी केली त्याने घरातल्या मुलांना वर्षातून एकदा तरी कुंपणाबाहेर जावयास लावले. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी पत्री गोळा करता करता परभाषिक शेजाऱ्याची ओळख होई आणि पारिजातकाला सिंगारहार म्हणतात, मोगऱ्याला बेला म्हणतात, हेही कळे. लष्करच्या मराठीत हिंदी शब्द मिसळले ते काही सर्वच दरबारातून आले नाहीत. पुष्कळसे परसातूनही आले असतील.

शहराच्या फूलबागेचे नाव मात्र फुलांपेक्षा रणाशी अधिक जोडले गेले आहे. १८५८ च्या जून महिन्यात याच परिसरातील लढाईत झाशीची राणी लक्ष्मीबाई पडली. तिची समाधी येथेच आहे. पुढे माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत फूलबागेस सार्वजनिक उद्यानाचे रूप आले आणि तेथे मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज अशी स्थाने जवळजवळ उभी राहिली. आखीव वाफे आणि हिरवळ यांची ही युरोपीय पद्धतीची बाग. देवाच्या माळेसाठी केलेली बाग आणि लोकांनी फिरावयास केलेली बाग यांत एक भेद आहे. पहिलीतले फूल खुडण्यासाठी असते. दुसरीत ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी असते.

अल्लाच्या काळच्या त्या २७० हात लांब बागेचा आज मागमूस नाही. दानपत्रांत दान कायमचे दिलेले असते, पण पन्नास माळा केव्हा थांबल्या हे कोठेही कोरलेले नाही. राज्ये बदलली, किल्ला प्रतिहारांकडून कच्छपघातांकडे, तोमरांकडे, मोगलांकडे, शिंद्यांकडे आणि इंग्रजांकडे गेला, व १८८६ साली पुन्हा शिंद्यांकडे आला. शून्य राहिले, कारण ते दगडात होते. बाग गेली, कारण तिला रोज पाणी लागत होते.

रानाचा हिशेब याहून निराळा आहे. पारिजातक, कुडा, अंकोल यांना माळी लागत नाही, मोट लागत नाही, देणगी लागत नाही. उतारावरची माती जागच्या जागी राहावी आणि खडक फोडून नेला जाऊ नये, एवढेच त्यांना पुरते. ग्वाल्हेरच्या आसपास वालुकाश्माच्या टेकड्या आहेत आणि किल्ल्यापासून वाड्यांपर्यंत सारे शहर त्याच दगडाने बांधले गेले. जेथे खाण पडते तेथून पहिल्याने माती जाते, आणि मातीबरोबर रानातला तो पांढरा बहरही जातो. बाग पुन्हा लावता येते. कुंदाची फांदी मातीत खोचली की मुळे धरते. उघडा पडलेला उतार पुन्हा पारिजातकाने झाकला जावयास किती वर्षे लागतील, हे कोणत्याही दानपत्रात लिहून देता येणार नाही.

माघ शुद्ध द्वितीया दरवर्षी येते. त्या दिवशी चतुर्भुज मंदिरापर्यंत चढून जाणाऱ्याला भिंतीवरचे शून्य दाखविणारे कोणी ना कोणी भेटेल. उतरताना लष्करातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात डोकावले आणि तेथे झुडूप अजून उभे असले, तर थंडीत भरून आलेला कुंद दिसेल. दोन दिवसांनी त्याची फुले गणपतीला जातील. त्यांची माळ करणाऱ्याला बहुधा शिलालेखाची वार्ता नसेल. पण त्या लेखात लिहावयाचे राहून गेलेले एक नाव त्याच्या ओंजळीत असेल.